अर्ज सोपा होता, कागद अवघड होते: संत्रा पट्ट्यातल्या एका गटाचं ठिबक अनुदान

## पार्श्वभूमी

नागपूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडे, संत्र्याच्या पट्ट्यात हे गाव आहे. गाव, माणसं आणि कार्यालयं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. कागदपत्रांची भानगड मात्र होती तशीच ठेवली आहे.

गावात ‘आत्मा’कडे, म्हणजे कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणेकडे, नोंदवलेला शेतकऱ्यांचा गट आहे, पंचवीसेक कास्तकारांचा. बहुतेकांकडे दोन ते तीन एकर ओलीत, त्यात संत्र्याची बाग, आणि थोड्या कोरडवाहू वावरात कपाशी, तूर. पाणी विहिरीचं. बागेला पाणी द्यायची रीत जुनी, दांडानं. एका झाडाच्या आळ्यातून पाणी पुढच्या झाडाच्या आळ्यात जातं. यात पाणी जास्त लागतं हा एक भाग. दुसरा भाग असा की बुंध्याशी पाणी साचलं की डिंक्या, म्हणजे सालीतून डिंक गळण्याचा रोग, वाढतो, आणि त्याची बुरशी त्याच पाण्याबरोबर पुढच्या झाडापर्यंत पोचते. नागपुरात अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे. बुंध्याला पाणी लागू देऊ नका, हे तिथून वर्षानुवर्षं सांगितलं जातंय. ठिबक का करायचं हे गावाला पटवून देण्याची गरज नव्हती.

अनुदानाचीही माहिती होती. केंद्राच्या ‘प्रति थेंब अधिक पीक’ योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकांना मापदंडाच्या खर्चाच्या 55 टक्के मिळतात, इतरांना 45. त्यावर राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून अनुक्रमे 25 आणि 30 टक्क्यांची भर. म्हणजे एकूण 80 आणि 75. कोरडवाहू धरूनही गटातले जवळपास सगळे दोन हेक्टरच्या आत, म्हणजे 80 टक्केवाले. अर्ज राज्य सरकारच्या योजनांच्या महाडीबीटी पोर्टलवर करायचा, तोही मराठीत, फी 23 रुपये 60 पैसे. एकदा नोंदणी झाली की एकाच अर्जातून अनेक बाबी मागता येतात.

एवढं सगळं असून 2024 च्या उन्हाळ्यात गटातल्या जेमतेम तीन-चार बागांमध्ये ठिबक होतं, आणि त्यातल्या दोघांनी ते अनुदानाचा नाद सोडून पदरच्या पैशानं केलेलं.

आम्ही नागपुरातल्या एका लहान स्वयंसेवी संस्थेत काम करतो. गटाच्या अध्यक्षांनी आमच्याकडे मागणी केली ती सरळ होती: “भाऊ, हा फॉर्म सोपा करून द्या आमाले.”

## अडचण नेमकी कुठे होती

फॉर्म अवघड असल्यानं लोक अर्ज करत नाहीत, असं गटाचं म्हणणं होतं. ते खरं नव्हतं. निम्म्याहून जास्त लोकांनी कधी ना कधी अर्ज केलेला होता, बहुतेकांनी तालुक्याच्या सेतूवर. फीच्या पावत्या घरात सापडल्या. अर्जांचं पुढे काय झालं हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हतं.

तेव्हा निवड सोडतीनं व्हायची. नंबर लागला की मोबाइलवर संदेश येतो, ठरलेल्या मुदतीत कागदपत्रं अपलोड करायची, नाहीतर निवड रद्द. काही जणांच्या नोंदणीत मोबाइल नंबर होता सेवा केंद्रातल्या ऑपरेटरचा. घाईच्या वेळी त्यानं स्वतःचाच टाकून दिलेला. “नंबर लागला होता म्हणते, पण मले कोणी सांगतलंच नाही,” असं एक जण म्हणाला. आम्ही लॉगिन करून पाहिलं, तर खरंच निवड झालेली होती आणि मुदत उलटून रद्दही झालेली होती.

मग गटाच्या बैठकीत सगळ्यांना घरातली पिशवी घेऊन बोलावलं. सात-बारा, आठ-अ, आधार, पासबुक, जुने अर्ज, जे असेल ते. ग्रामपंचायतीच्या सभागृहात सतरंजीवर ते सगळं पसरलं, आणि प्रकरणाचं खरं रूप तिथे दिसलं.

एका कास्तकाराचं आधारवर नाव ज्ञानेश्वर, सात-बाऱ्यावर ‘बंडू’. लहानपणी वडिलांनी वाटणीत जे नाव सांगितलं तेच पटवाऱ्यानं चढवलं. दुसऱ्याचं देवनागरी नाव सगळीकडे सारखं, पण बँकेत इंग्रजी स्पेलिंग वेगळं. तिसऱ्याच्या सात-बाऱ्यावर अजून वडीलच होते, आणि वडील जाऊन बरीच वर्षं झालेली. चौथ्याचं खातं तीन भावांचं सामाईक, वावर मात्र तोंडी वाटलेलं, धुऱ्याला दगड रोवून. पाचव्याच्या आधारला जोडलेला मोबाइल नंबर केव्हाच बंद पडलेला, त्यामुळे ओटीपी येणारच नाही. गोंड समाजाची जी दोन-तीन घरं होती त्यांना बिरसा मुंडा कृषी क्रांती योजनेतून मागता आलं असतं. त्यांच्याकडे मुलांच्या शाळेसाठी काढलेले जातीचे दाखले होते, पण खातेदाराचा स्वतःचा नव्हता.

ज्यांची नावं बरोबर होती त्यांचे अर्जही तपासून पाहिले. त्यांत सगळ्यात बोलका नमुना असा होता. कास्तकार सांगतो, “दोन एकर.” अर्जात क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लागतं, म्हणजे 0.80. ऑपरेटरनं लिहिलं 2.00. सात-बाऱ्यावर त्या गटाचं क्षेत्रच त्याहून कमी, त्यामुळे अर्ज छाननीत पडला. त्याच अर्जात पिकातलं अंतर 1.2 बाय 0.6 मीटर टाकलेलं. ते कपाशीचं अंतर. संत्र्याची झाडं या भागात 6 बाय 6 मीटरवर असतात. ठिबकचा मंजूर खर्च नळ्यांच्या अंतरावर ठरतो. दाट अंतर म्हणजे जास्त नळी आणि जास्त खर्च. हा अर्ज समजा पुढे सरकला असता, तरी मोका तपासणीला येणाऱ्या माणसाला कागदावर कपाशी आणि वावरात संत्रा दिसला असता. मग ज्याचा त्यात काही हात नाही त्या कास्तकारावर बनवाबनवीचा शिक्का बसला असता.

तात्पर्य, फॉर्म भरायला लागणारी वीसेक मिनिटं ही अडचण नव्हती. फॉर्मच्या आधीचं सगळं अडलेलं होतं.

कार्यालयाच्या बाजूनेही एक गाठ होती. त्रुटी एकेक करून निघायची. आधी कळायचं की सात-बारा जुना आहे. तो नवा दिला की कळायचं, सहखातेदारांचं संमतीपत्र नाही. ते दिलं की कोटेशनमधलं क्षेत्र जुळत नाही. दर वेळी तालुक्याला खेप, दर वेळी एक दिवसाची मजुरी बुडणार. तिसऱ्या त्रुटीला माणूस घरी बसतो, आणि कागदोपत्री त्याचं कारण दिसतं ‘अर्जदाराने पूर्तता केली नाही’.

## समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सगळ्यांच्या मनात होता: सोप्या मराठीत चित्रांची माहितीपुस्तिका. करायला सोपी, फोटो छान येतात, आणि निधी देणाऱ्यांना दाखवायला बरी. पण कृषी विभागाची घडीपत्रिका काही वाईट नव्हती. ‘सात-बारा जोडा’ हे वाक्य कितीही सोपं केलं तरी सात-बाऱ्यावर वडिलांचंच नाव राहणार. हा पर्याय आम्ही लवकर सोडला.

दुसरा पर्याय, गावातल्याच एका शिकलेल्या मुलाला तयार करून लॅपटॉप देणं. यात दम होता. धोका असा की तो मुलगा हिंगण्याला किंवा बुटीबोरीला नोकरीला लागला की सगळ्यांचे पासवर्ड त्याच्याबरोबर जातात. शिवाय नाव न जुळणारा अर्ज गावात बसून भरला काय आणि तालुक्याला भरला काय, पडायचा तो पडणारच.

तिसरा पर्याय, जिल्हा पातळीवर निवेदन देऊन अटी कमी करून घेणं. निवेदन देणं चांगलंच. पण संमतीपत्र किंवा मालकीचा पुरावा ही अट तालुक्याच्या हातातली नाही, आणि ती गैरवाजवीही नाही. दुसऱ्याच्या वावरावर तिसऱ्यानं अनुदान उचलू नये म्हणूनच ती आहे.

चौथा पर्याय गावात आधीपासून चालू होता: विक्रेत्याकडे सोपवून मोकळं होणं. “तुम्ही फक्त सही करा, बाकी आमच्यावर सोडा.” विक्रेत्याला नावं ठेवणं सोपं आहे, पण त्याचं काम होतं हे मान्य करायला हवं. त्याला कार्यालयाची रीत ठाऊक असते, कागद कुठे अडतो ते ठाऊक असतं, तो उधारीवर माल देतो. किंमत अशी मोजावी लागते की आराखडा, नळीचा दर्जा आणि बिलाचा आकडा या तिन्ही गोष्टी त्याच्या हातात जातात. कास्तकाराला आपल्या बागेत किती मीटर नळी मंजूर आहे हेसुद्धा माहीत नसतं.

पाचवा पर्याय सगळ्यात कंटाळवाणा होता. अर्ज बाजूला ठेवायचा, आधी प्रत्येकाचे कागद एकमेकांशी जुळवायचे, जिथे दुरुस्ती लागेल तिथे महसुलाकडून करून घ्यायची, आणि मगच पोर्टल उघडायचं. यात एक हंगाम हातचा जाण्याची भीती होती. आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, डिसेंबरात बागेला ताण देतात, म्हणजे पाणी तोडतात, आणि जानेवारीत पाणी सोडतात. ठिबक त्याआधी बसलं तर त्या वर्षाचा उपयोग. गटात यावर जोरात वाद झाला. ज्यांचे कागद स्वच्छ होते ते म्हणाले, आम्ही कशाला थांबायचं? त्यांचं बरोबरच होतं. शेवटी ठरलं ते असं: ज्यांचं सगळं जुळतं त्यांनी लगेच अर्ज करायचा, बाकीच्यांनी दुरुस्तीला लागायचं, आणि पहिल्या तुकडीला जे अनुभव येतील ते दुसरीला सांगायचे.

## काय केलं

प्रत्येकासाठी एक पान केलं. त्यावर फक्त नावं: आधारवर काय, सात-बाऱ्यावर काय, आठ-अवर काय, पासबुकात काय, जातीच्या दाखल्यावर काय. अक्षर अन् अक्षर जसं आहे तसं उतरवलं. गटात याला ‘नावाचं पान’ म्हणू लागले. ते पाहिलं की कोणाला काय करायचं आहे हे माणूस स्वतःच सांगायचा.

इथे पहिला निर्णय होता. दोन कागदांत नाव वेगळं असेल तर खरं कोणतं धरायचं? आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, त्यामुळे त्याला उठसूट हात लावायचा नाही असं ठरवलं. फरक फक्त इंग्रजी स्पेलिंगचा असेल तर बँकेत अर्ज देऊन खातं आधारप्रमाणे करायचं. सात-बाऱ्यावर घरगुती नाव किंवा लिहिण्यातली चूक असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 155 खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज. कलम 155 हे हस्तदोषासाठी आहे, मालकीचा वाद त्यात बसत नाही. ‘बंडू’ आणि ‘ज्ञानेश्वर’ एकच, हे दाखवायला शाळा सोडल्याचा दाखला आणि जुना फेरफार, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलाचा उतारा, जोडला.

मोबाइलचा प्रश्न पोस्टमननं सोडवला. आधारला नवा नंबर जोडायचं काम पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन करून देतात हे गावात कोणाला ठाऊक नव्हतं. तो दोनदा येऊन सभागृहात बसला आणि म्हाताऱ्या खातेदारांचे नंबर मार्गी लागले. त्याचबरोबर कोणतं खातं आधारशी सीड आहे हेही पाहून घेतलं. ही गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही: अर्जात कोणत्याही बँकेचा नंबर लिहिला तरी थेट लाभाचे पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. एकाचं ते खातं गॅस सबसिडीसाठी उघडलेलं आणि तेव्हापासून विसरलेलं निघालं.

वारस नोंदी हा सगळ्यात लांबचा पल्ला होता. ई-हक्क प्रणालीतून अर्ज, पटवारी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी यांच्याकडे पडताळणी, हरकतींसाठी 15 दिवसांची नोटीस, मग मंडळ अधिकाऱ्यांचं प्रमाणीकरण. गटानं पटवाऱ्यांना विनंती केली की एकाच दिवशी गावात बसून सगळे अर्ज पाहावेत. ते आले, आणि मंडळ अधिकाऱ्यांनाही घेऊन आले. यामागे आमची काही हुशारी नव्हती. दहा वेगवेगळे लोक दहा दिवस कार्यालयात येण्यापेक्षा हे त्यांनाही सोयीचं होतं.

### एका बाईचं प्रकरण

या सगळ्यात एका विधवा बाईंचं प्रकरण वेगळं सांगायला हवं. नवरा चार-पाच वर्षांपूर्वी गेला. अडीच एकर ओलीत, बाग त्याच पाहतात. सात-बाऱ्यावर नाव सासऱ्यांचं. सासरे नवऱ्याच्याही आधी गेलेले, पण वारस नोंद झालेलीच नव्हती. “वावरात मी राबून राहिली, अन् सात-बाऱ्यावर माह्या नावाचा पत्ताच नाही,” असं त्या म्हणाल्या.

म्हणजे नोंद दोन टप्प्यांत: आधी सासऱ्यांचे वारस, मग नवऱ्याच्या हिश्श्यावर या आणि यांची मुलं. सासऱ्यांच्या वारसांत एक दीर आणि दोन नणंदा. गटातल्या एका ज्येष्ठ माणसानं सुचवलं, “पोरींची नावं कशाले टाकता? त्या आपल्या घरी सुखी आहेत. उगाच लांबण लागते.” दिराचंही तेच मत. आणि व्यवहारात हे खरं होतं की नणंदांची नावं लागली की पुढे प्रत्येक अर्जाला त्यांचं संमतीपत्र लागणार.

इथे आम्ही थांबलो, आणि बाईंशी वेगळं बोललो. वारसांतून मुली वगळून नोंद करणं बेकायदेशीर आहे, एवढं कारण पुरेसं होतं. पण बाईंनी स्वतः दिलेलं कारण जास्त रोखठोक होतं: उद्या माझ्या पोरीचं नाव असंच गाळलं तर? सगळ्या वारसांची नावं लावायची असं ठरलं. हक्कसोडपत्राचा विषय काढायचा नाही, फक्त ठिबकपुरती संमती मागायची. एक नणंद लगेच आली, सही करून गेली. दुसरी अमरावतीकडे दिलेली, तिच्या घरात आधीचा काही राग होता. त्यात सोडतीची ती फेरी निघून गेली.

### कार्यालयाशी बोलणं

दुसरा निर्णय कार्यालयाशी कसं वागायचं याचा होता. गटातले दोघं तक्रार करायच्या बाजूचे होते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 हातात आहे, अधिसूचित सेवेचा अर्ज नाकारायचा तर लेखी कारण द्यावं लागतं, अपील करता येतं. महसुलाच्या नोंदींसाठी आम्ही पोच आणि अर्ज क्रमांक प्रत्येक वेळी मागून घेतला, त्याचा उपयोग झाला. कृषी कार्यालयाशी मात्र आधी बोलून पाहायचं ठरवलं.

कृषी सहायकांना विचारलं, सगळ्या त्रुटी एकदम का सांगत नाही? त्यांनी मोकळेपणानं सांगितलं, “पहिली चूक दिसली की मी परत पाठवतो. पुढचं वाचायला वेळ कुठून आणू? अशी किती गावं आहेत माझ्याकडे.” यात खोटं काही नव्हतं. म्हणून मागणी बदलली. आम्ही सगळे कागद एका ठरलेल्या क्रमानं लावून आणतो, वर एक पान असेल ज्यावर गट क्रमांक, हेक्टर-आरमध्ये क्षेत्र, झाडांमधलं अंतर, पाण्याचं साधन आणि मोटारीचा एचपी लिहिलेला असेल. तुम्ही गावात याल त्या दिवशी अपलोड करण्याआधी फक्त एकदा नजर टाका आणि जे जे कमी आहे ते त्याच पानावर लिहा.

ते तयार झाले. एका दुपारी सभागृहात बसून त्यांनी सगळा गठ्ठा पाहिला. एका अर्जाला दोन-तीन मिनिटं लागत होती, कारण शोधायला काही लागत नव्हतं. दोन ठिकाणी त्यांनी अशी गोष्ट पकडली जी आमच्या डोक्यातही नव्हती. एका गट क्रमांकावर आधीच्या पिढीनं ठिबकचा लाभ घेतलेला होता आणि 7 वर्षं पूर्ण व्हायची होती. दुसऱ्याच्या ई-पीक पाहणीत, म्हणजे सात-बाऱ्यासाठी मोबाइलवरून होणाऱ्या पीक नोंदीत, बाग होती, पण सिंचनाचं साधनच नोंदवलेलं नव्हतं.

या सगळ्यासाठी कोणताही नियम बदलावा लागला नाही, शासन निर्णय लागला नाही. सात-बारा डिजिटल सहीचा, 15 रुपयांत, ताजा काढलेला. पान साध्या कागदावर, हातानं लिहिलेलं. अर्ज सोपा करायचा म्हणजे पोर्टलवरचे रकाने कमी करायचे असं आपण धरून चालतो. इथे सगळ्यात जास्त फरक पडला तो वाचणाऱ्याचं काम सोपं केल्यानं.

### पैशाचा पेच

पूर्वसंमती आली की प्रश्न मिटला असं गटाला वाटत होतं. तसं नाही. पूर्वसंमतीच्या आधी खरेदी केली तर अनुदान नाही, आणि पूर्वसंमतीनंतर ठरलेल्या मुदतीत संच बसवून बिल अपलोड करायचं. पूर्ण रक्कम कास्तकारानं आधी भरायची, मोका तपासणी झाली की अनुदान खात्यात. म्हणजे 80 टक्के अनुदान असलं तरी पहिल्या दिवशी 100 टक्के लागतात. गरीब माणूस अर्जात पास होऊन नेमका इथे अडतो, आणि विक्रेत्याची उधारी त्याला इथेच गाठते.

तीन वाटा होत्या. विक्रेत्याची उधारी, बँकेचं कर्ज, किंवा गटाची बचत फिरती ठेवणं. बँकेनं एवढ्या लहान रकमेसाठी फारसा रस दाखवला नाही. गटानं बचतीतून तिघांना रक्कम द्यायची ठरवली, अट अशी की अनुदान आलं की पैसे गटात परत, मग पुढचे तिघं. बाकीच्यांनी आंबियाच्या संत्र्याचे पैसे हातात असताना खरेदी करायची. विक्रेता एकच धरला नाही. दोघांकडून कोटेशन घेतलं, आणि नळीचे मीटर, ड्रिपर, फिल्टर असं वेगवेगळं लिहून मागितलं. त्या कागदावर एका विक्रेत्याचा आकडा बऱ्यापैकी खाली आला, काहीही घासाघीस न करता.

## निष्पन्न

पहिल्या तुकडीतल्या, म्हणजे स्वच्छ कागदांच्या, बहुतेकांचे अर्ज एकाही त्रुटीशिवाय गेले. सोडतीत नंबर लागायचा तेव्हाच लागला, तो कोणाच्या हातात नव्हता. ज्यांचा लागला त्यांच्या बागेत आंबियाच्या पाण्याआधी नळ्या पडल्या.

फिरत्या बचतीची योजना मात्र अर्धीच चालली. अनुदान यायला गटाच्या अंदाजापेक्षा फार वेळ लागला, तिघांचे पैसे अडकून पडले, आणि पुढच्या तिघांसाठी गटात रक्कमच उरली नाही. त्यातल्या एकानं शेवटी विक्रेत्याकडून उधारीवर माल घेतला. एक जण थांबला. तिसऱ्यानं सोन्यावर कर्ज काढलं, आणि त्याबद्दल त्याची बायको अजून आमच्याशी नीट बोलत नाही.

दुसऱ्या तुकडीला अनपेक्षित फायदा झाला. 2025 च्या एप्रिलपासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तो काढताना आधार आणि सात-बाऱ्यावरचं नाव ताडून पाहिलं जातं. आजूबाजूच्या गावांत तिथे गर्दी झाली, आमच्या गटातल्या लोकांचं काम आधीच झालेलं होतं. त्याच सुमारास महाडीबीटीवरची सोडत जाऊन ‘प्रथम अर्ज करणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ आलं. कागद तयार असलेले लोक रांगेत पुढे लागले. गटाला हे सोयीचं पडलं, पण माझ्या मते यात एक खोच आहे. सोडतीत अडाणी आणि जाणता दोघांना संधी सारखी होती. आता ज्याचा सात-बारा अजून आजोबाच्या नावावर आहे तो रांगेत कायमचा मागे राहणार, आणि तोच बहुतेकदा गावातला सगळ्यात गरीब असतो.

तीन भावांचं सामाईक खातं सुटलं नाही. तोंडी वाटणी कागदावर आणायला जमीन महसूल अधिनियमाच्याच कलम 85 ची वाट होती, पण एका भावाला वाटणीच मान्य नव्हती. तिथे आम्ही हात घातला नाही.

बाईंचं नाव सात-बाऱ्यावर लागलं, मुलीचंही. दुसऱ्या नणंदेची सही दिवाळीच्या पुढे मिळाली, आणि अर्ज नव्या पद्धतीत गेला. पूर्वसंमती आली, पण तोवर विहिरीचं पाणी आटत आलेलं होतं. त्यांनी संच त्या उन्हाळ्यात न बसवता मुदतवाढ मागितली.

शेजारच्या एका गावानं आमचं वरचं पान जसंच्या तसं उचललं. तिथे फारसा फरक पडला नाही, कारण कार्यालयातल्या माणसानं गठ्ठा आधी पाहण्याची गोष्ट तिथे ठरलीच नव्हती. पान छान भरलेलं, त्रुटी पुन्हा एकेक करून.

## वेगळं काय करता आलं असतं

क्रम उलटा हवा होता. वारस नोंदीला सगळ्यात जास्त वेळ लागतो, तरी ती सुरू झाली नावाची पानं, बँक, मोबाइल हे सगळं उरकल्यावर. पाऊस लागला की पटवारी ई-पीक पाहणीत आणि पंचनाम्यांत गुंततात. डिसेंबरच्या ताणापासून मागे मोजलं तर फेरफार पोळ्यापर्यंत प्रमाणित व्हायला हवा, आणि त्यासाठी अर्ज मे महिन्यातच जायला हवेत. अन्य गावात हे करायचं तर पहिल्या बैठकीत फक्त एक प्रश्न विचारून सुरुवात करावी: सात-बाऱ्यावरचा माणूस हयात आहे का?

फिरत्या बचतीबाबत गटात अजून दोन मतं आहेत. एक मत असं की अनुदान कधी येईल याचा भरवसा नसताना गटाचा पैसा त्यात घालूच नये. दुसरं असं की दोघांनाच द्यावा, पण अनुदान येईपर्यंत पुढच्यांना शब्द देऊ नये. मला दुसरं पटतं. तिसऱ्या माणसाला सोन्यावर कर्ज काढावं लागलं ते गटानं दिलेल्या शब्दामुळे. शब्द नसता तर तो एक हंगाम थांबला असता.

तक्रारीचा मार्ग न धरता बोलणं केलं, ते या कार्यालयात चाललं कारण माणूस ऐकणारा होता. त्यांची बदली झाली तर? यावर उपाय म्हणून ‘सगळ्या त्रुटी एकाच वेळी, वरच्या पानावर लेखी’ ही पद्धत गटानं ग्रामसभेच्या ठरावात घेतली आणि ठरावाची प्रत तालुक्याला देऊन आवक क्रमांक घेतला. ठरावाला कायद्याचं वजन नाही, हे खरं. नव्या माणसापुढे ठेवायला निदान कागद आहे.

आणि पासवर्ड. नोंदण्या दुरुस्त केल्या, प्रत्येकाचा नंबर त्याच्या अर्जाला लागला, पण बरेच जण पासवर्ड अजून अध्यक्षांच्या वहीतच ठेवतात. वही कोणाच्या घरी राहील यावर गटाच्या पुढच्या बैठकीत विषय आहे. अवजारे बँकेच्या अर्जाचाही विषय त्याच दिवशी आहे, आणि त्या अर्जाला पंचवीस जणांच्या नावांची पानं पुन्हा लागणार आहेत.